अठ्ठ्याऐंशीची चिठ्ठी

आकडेमावशीच्या दुकानातून लॅपटॉप बाहेर पडायचा तो पाठीवर चिठ्ठी घेऊनच. आगपेटीएवढी पांढरी चिठ्ठी. वर तारीख, मध्ये ठसठशीत आकडा आणि खाली ‘तपासणी’ या शब्दापुढे मावशीची सही. आकडा म्हणजे खेळ चालू असताना हा लॅपटॉप एका सेकंदात किती चित्रं पडद्यावर आणतो ते. तीस म्हणजे रडतखडत, साठ म्हणजे बरं, आणि ऐंशीच्या वर गेलं की मालकाची कॉलर ताठ. खेळासाठी लॅपटॉप घेणारं गिऱ्हाईक तो उघडून बघायच्या आधी उलटा करून बघायचं.

मावशीचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? अकरा वर्षांत तिच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ठेवायला कुणी आलंच तर ती चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारायची, “तुम्ही मोजलंत का? मी मोजलंय.” समोरचा लॅपटॉप पिशवीत घालायचा. मोजता आलं असतं तर तो दुकानात कशाला आला असता?

मोजायची तिची पद्धत ठरलेली होती. एका बंदराचं दृश्य, त्यात जहाजं, पाऊस, पळापळ करणारी माणसं, शेवटी एक मोठा स्फोट. हे दृश्य चार मिनिटं चालवायचं, मोजणी प्रोग्रामने करायची, आणि त्या चार मिनिटांत मावशीशी कुणी बोलायचं नाही. चहा आला तरी तो थंड व्हायचा.

तिची भाची तिच्याकडे राहायला येऊन तीन वर्षं झाली होती. बहिणीची मुलगी, शिक्षणासाठी आलेली, दुकानाच्या वरच्या खोलीत राहणारी. लहानपणी जागच्या जागी गरगर फिरून पडायची म्हणून भिंगरी हे नाव चिकटलं ते चिकटलंच. भिंगरी सकाळी कॉलेजला जायची, दुपारी ग्रंथालयात काम करायची आणि संध्याकाळी पाचजणांच्या संघातून लॅपटॉपवर खेळायची. संघातले बाकीचे चार चार ठिकाणी आपापल्या घरी बसलेले. खेळात भिंगरीची जागा सगळ्यांत पुढची, म्हणजे दार उघडून आधी आत शिरायचं काम तिचं. या शनिवारी मोठी स्पर्धा होती. संघांनी एका सभागृहात समोरासमोर बसून खेळायचं, आणि लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा. खेळाडूंची नावं सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायची होती.

भिंगरीचा लॅपटॉप मावशीनेच निवडलेला. आठ महिन्यांपूर्वी तिने तो स्वतः उघडून साफ केला, पंखे बदलले, मोजला आणि पाठीवर चिठ्ठी लावली. अठ्ठ्याऐंशी.

त्या जातीच्या लॅपटॉपात पडद्यावरची चित्रं तयार करणारी ग्राफिक्स कार्डं दोन असतात. मावशी गिऱ्हाइकांना ते फार छान समजावून सांगायची. “दोन जावा आहेत असं समजा. धाकटी प्रोसेसरच्याच पोटात राहते. पत्र लिहा, फोटो बघा, असली वरवरची कामं ती उरकते आणि बॅटरी जपते. थोरली अंगापिंडाने दांडगी. ती एरवी झोपलेली. खेळ सुरू झाला, म्हणजे घरात पाहुण्यांचा गोतावळा आला, की ती बाह्या सरसावून उठते. कधी कुणी उठायचं हे त्यांचं त्या ठरवतात, तुम्ही मध्ये पडू नका.” लोक हसायचे आणि लॅपटॉप घेऊन जायचे.

भिंगरी मात्र पहिल्या आठवड्यातच कुरकुरायला लागली होती.

“मावशी, अडकतं गं हे.”

“कुठे अडकतं?”

“समोर एकदम गर्दी झाली ना, की अडकतं. मी आधी वळते आणि चित्र मागून येतं.”

“किती पडतात चित्रं?”

“आमच्या खेळात मोजायचा प्रोग्राम चालत नाही. लावला की सरळ बाहेर काढतात. पण साठच्या वर नाहीत, शपथ. हाताला कळतं.”

“हाताला!” मावशी लॅपटॉप उलटा करायची आणि चिठ्ठीवर नख वाजवायची. “हे बघ काय लिहिलंय. हाताला कळायला लागलं तर माझी उपकरणं विकून टाकते.”

हा संवाद आठ महिन्यांत किती वेळा झाला असेल त्याला सुमार नाही. शेवटी शेवटी मावशीने तिला एक रबरी चेंडू आणून दिला. बोटं जड झाली असतील, दाबत जा, म्हणाली. भिंगरी बिचारी दाबत राहिली. वर्गात, बसमध्ये, जेवताना डाव्या हाताने.

रविवारी सकाळी संघाचा सराव झाला आणि भिंगरी जिन्यावरून खाली आली ती नाक लाल करून. लागोपाठ तीन वेळा ती दारातून आत शिरली आणि तीनही वेळा समोरच्याने तिला आधी टिपलं. कप्तान चांगला मुलगा होता, ओरडला नाही. “तू उशिरा पोचतेस गं,” एवढंच म्हणाला, आणि तेच तिला लागलं.

“इकडे आण तो,” मावशी म्हणाली. “एकदाचा सोक्षमोक्ष लावू.”

दुकानातलं मावशीचं टेबल म्हणजे सोवळ्यातली जागा. घरच्या वस्तूंना तिथे मज्जाव, भिंगरी आजवर तिथे कधी बसलेली नव्हती. टेबलावर एक मोठा पडदा होता, दोन जाडजूड शब्दकोशांवर उभा केलेला. तीन वर्षांपूर्वी मावशीची मान धरली. दिवसभर लॅपटॉपवर वाकून वाकून मणके कुरकुरायला लागले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पडदा डोळ्यांच्या रेषेत हवा. तेव्हापासून कुठलाही लॅपटॉप आला की त्याची केबल मोठ्या पडद्याला लावायची आणि ताठ बसून काम करायचं. मान सुधारली. मावशीला त्या पडद्याचं फार कौतुक होतं.

आधी चार मिनिटांचं बंदर. अठ्ठ्याऐंशी. मग मावशीने भिंगरीला खुर्चीत बसवलं. “आता खेळ. कुणाशीही खेळ.”

भिंगरी अनोळखी खेळाडूंशी तीन डाव खेळली. मावशी मागे हाताची घडी घालून उभी. तिला खेळातलं फार कळत नव्हतं, पण पोरगी दारातून शिरते, गर्रकन वळते आणि समोरचा कोसळतो, एवढं तिलाही दिसत होतं. तीनही डाव भिंगरीने खिशात घातले. शेवटच्या डावात समोरचा एकजण चिडून मध्येच निघून गेला.

“झालं?” मावशी म्हणाली. “लॅपटॉप तोच. हात तोच. इथे जिंकतेस आणि तिथे हरतेस. मग फरक कुठे आहे?”

भिंगरीने कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

“डोक्यात आहे. तिथे कप्तान बघतो, मग तू घाबरतेस. आणि घाबरलीस की यंत्राच्या नावाने खडे फोडतेस.”

मावशीला वाटलं पोर भांडेल. भिंगरीने लॅपटॉप मिटला, केबल व्यवस्थित गुंडाळून टेबलावर ठेवली आणि वर निघून गेली. जिन्यावर तिची पावलंसुद्धा वाजली नाहीत.

सोमवारी सकाळी दार उघडून बाहेर पडताना तिने सांगितलं, “कप्तानला कळवलंय. माझ्या जागी दुसरं कुणी बघ म्हटलं. तू म्हणतेस ते खरं असणार.” रबरी चेंडू शोकेसच्या काचेवर ठेवून ती गेली. मावशी चेंडूकडे बघत राहिली. अभ्यास तरी होईल, असं तिने मनाशी म्हणून बघितलं. पण आपण बरोबर ठरल्याचा जो आनंद व्हायचा तो काही केल्या झाला नाही.

दुपारी तीनच्या सुमारास ड्रायव्हरकाका आले. काकांनी चौतीस वर्षं बस चालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर करमेना म्हणून लॅपटॉपवरच्या खेळात पुन्हा बसच चालवायला घेतली. त्यासाठी खोटं स्टिअरिंग, पायाखाली खोटे ब्रेक, सगळा जामानिमा. दीड वर्षापूर्वी त्यांनी मावशीकडूनच भिंगरीच्या जातीचा लॅपटॉप नेला होता. त्यावरची चिठ्ठी सत्त्याऐंशीची.

“ताई, वळणावर बस अडखळते,” काका म्हणाले. “मागेही सांगितलं होतं तुम्हाला.”

“आणि मीही सांगितलं होतं, यंत्रात काही नाही.”

“चौकात गर्दी असली की स्टिअरिंग फिरवतो मी, आणि बस क्षणभर विचार करते. वळू की नको, वळू की नको. खरी बस असं करत नाही हो. केलं असतं तर मी आज इथे नसतो.”

मावशीने सुस्कारा सोडला, लॅपटॉप घेतला, मोठ्या पडद्याची केबल जोडली आणि बंदर लावलं. काकांना नियम माहीत होता, ते चार मिनिटं स्टुलावर मुकाट बसले. स्फोट झाला. आकडा आला. सत्त्याऐंशी.

“बघा,” मावशी म्हणाली. “एकानेही कमी नाही.”

काकांनी पुढे होऊन बघितलं. आधी मोठ्या पडद्याकडे, मग केबलकडे, मग बाजूला काळ्या पडलेल्या लॅपटॉपच्या पडद्याकडे. “मोजलंत ते बरोबरच असणार,” ते म्हणाले. “पण एवढा मोठा पडदा माझ्या घरी नाहीये ना, ताई. मी आपला ह्याच्यावर चालवतो.”

“पडद्याने काय होतं...” मावशी बोलायला लागली, आणि तिचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

तिला ठाऊक होतं. हेच तर वाईट होतं. ती तारांची आखणी तिने शंभर वेळा बघितली होती. या जातीच्या लॅपटॉपात खेळाची चित्रं रांधते थोरली, पण लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यापर्यंत तिची तार जातच नाही. प्रत्येक ताट आधी धाकटीच्या हातात द्यायचं आणि मग धाकटीने पडद्याला वाढायचं. एरवी ते खपून जातं. गर्दी झाली की धाकटीची तारांबळ उडते, ताटं दारातच खोळंबतात. बाहेरच्या पडद्याची केबल मात्र थेट थोरलीच्या चुलीपाशी. तिथे मध्ये कुणी नाही.

मावशीने केबल काढली. मोठा पडदा विझला, लॅपटॉपचा उजळला. तीन वर्षांनी प्रथमच तिने मान वाकवली आणि लॅपटॉपवरच बंदर लावलं.

एकोणसाठ.

तिने पुन्हा लावलं. काका काही बोलायला गेले तर तिने हातानेच थांबवलं. चार मिनिटांनी पुन्हा एकोणसाठ. स्फोटाच्या वेळी चित्र चक्क ठेचकाळलं, ते तिला नुसत्या डोळ्यांनी दिसलं.

“काका,” ती म्हणाली, “तुमची बस खरंच अडखळते.”

“तेच तर म्हणतोय मी,” काका म्हणाले. त्यांना राग वगैरे काही नव्हता, उलट बरं वाटलेलं दिसलं.

“ह्यात मेमरीची पट्टी एकच आहे. दुसरी घातली की धाकटीचे हात जरा मोकळे होतील. उद्या घालून देते. आज मला दुकान बंद करायचंय.”

“दुपारी?” काकांनी घड्याळाकडे बघितलं. मावशीचं दुकान दुपारी बंद झालेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. खरं तर कुणीच बघितलं नव्हतं.

ग्रंथालय चालत पंधरा मिनिटांवर. मावशी ते दहा मिनिटांत चालली. वाटेत तिला तीन वर्षांतल्या चिठ्ठ्या आठवायला लागल्या. दोन जावांवाले निदान पस्तीस लॅपटॉप तिच्या हाताखालून गेले होते, सगळ्यांना फोन करावा लागणार होता. करू, ती मनाशी म्हणाली. पण पस्तीसजणांचं तिला एवढं काही वाटलं नाही. आपल्या घरातल्या पोरीला आपण चेंडू आणून दिला, हे मात्र तिच्या डोक्यातून जाईना.

भिंगरी वाचनकक्षाच्या टेबलाशी पुस्तकांवर शिक्के मारत होती. कक्षात वीसेक माणसं माना खाली घालून बसलेली. मावशीचा आवाज एरवी चार दुकानं पलीकडे ऐकू जाणारा. तिने तो जमेल तेवढा आवळला.

“तुझा हात बरोबर होता.”

“काय?” भिंगरीने वर बघितलं. “तू इथे कशी?”

“हात. तुझा. बरोबर होता. मी चुकीचं मोजत होते.”

“श्श,” खिडकीजवळच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या.

मावशी टेबलावर वाकली आणि तिने कुजबुजत सगळं सांगितलं. शब्दकोश, मान, मोठा पडदा, काका, एकोणसाठ. भिंगरी ऐकत होती, पण तिच्या हातातला शिक्का हवेतच राहिला होता.

“मग काल?” ती म्हणाली. “काल तुझ्या टेबलावर मी जिंकले ते?”

“ते तू होतीस. काल पहिल्यांदा तुझ्यापुढे चित्र वेळेवर येत होतं, म्हणून जिंकलीस. तो तुझा खरा हात. मी समोर उभी राहून बघितला आणि तुलाच घाबरट म्हटलं.”

भिंगरीने शिक्का खाली ठेवला. “आठ महिने सांगत होते मी.”

“हो.”

“ऐकू येत नव्हतं का तुला?”

“येत होतं.” मावशीला इथे काहीतरी सावरून बोलता आलं असतं. तिने तसं केलं नाही. “पण माझ्याकडे आकडा होता. आकडा असला की मला माणसाचं ऐकायची गरज वाटत नाही. चुकलं माझं.”

“मी जेवताना चेंडू दाबायचे गं,” भिंगरी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “मला खरंच वाटायला लागलं होतं की माझी बोटं बिघडलीयेत.”

खिडकीजवळच्या बाईंनी पुन्हा मान वर केली, पण या वेळी श्श म्हणाल्या नाहीत.

“अजून चारच वाजतायत,” मावशी म्हणाली. “नावं सहाला द्यायचीयेत ना? कप्तानला फोन लाव.”

बाहेर जिन्यापाशी उभं राहून भिंगरीने फोन लावला. कप्तानाचा आवाज मावशीलाही ऐकू येत होता. सगळं त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “नावं मी दुपारीच पाठवली गं. सकाळी तूच नाही म्हणालीस, मग एकीला कष्टाने तयार केलं. आता तिला कसं काढू?”

मावशीने फोन घ्यायला हात पुढे केला. भिंगरीने फोन दुसऱ्या कानाला लावला. “मी बोलतेय,” ती मावशीला म्हणाली, आणि मग फोनमध्ये, “तिला काढू नकोस. ते बरोबर नाही.”

“राखीव म्हणून येतेस? सहाव्या नावाची जागा रिकामी आहे. खेळायला मिळेलच असं नाही. पण आलीस तर मला बरं वाटेल.”

भिंगरीने डोळे पुसले. “येते. मोठा पडदा सोबत आणला तर चालतो का?”

“नियमात बसतं. पण एवढं धूड उचलून आणणार कोण?”

भिंगरीने मावशीकडे बघितलं. मावशीचा हात नकळत मानेवर गेला होता, तो तिने खाली घेतला.

“आहे एक माणूस,” भिंगरी म्हणाली.

भिंगरीचं काम संपल्यावर दोघी घरी परतल्या. भिंगरीची जागा गेली होती आणि ती कुणामुळे गेली हे दोघींनाही माहीत होतं. माफी मागितल्याने ती परत येणार नव्हती. दुकान उघडून मावशीने दिवा लावला, मोठा पडदा शब्दकोशांवरून उतरवला आणि जुन्या चादरीत गुंडाळून शनिवारसाठी दाराशी ठेवला. टेबल एकदम रिकामं दिसायला लागलं.

“तुझा आण,” ती म्हणाली.

भिंगरीने लॅपटॉप आणला. मावशी त्यावर वाकून बसली. बंदर सुरू झालं, जहाजं आली, माणसं पळाली. मान दुखायला लागली तरी ती हलली नाही. भिंगरी शेजारी उभी होती. चार मिनिटांनी स्फोट झाला आणि आकडा आला.

एकसष्ट.

“साठच्या वर नाहीत म्हणाले होते,” भिंगरी म्हणाली.

“एकाने चुकलीस,” मावशी म्हणाली. दोघी हसल्या. मावशीला हसता हसता चष्मा काढून पुसावा लागला.

मग तिने लॅपटॉप उलटा केला, नखाने जुनी चिठ्ठी खरवडून काढली आणि नवीन घेतली. मध्ये एकसष्ट लिहिलं. तारीख आजची घालायला गेली, थांबली, आणि आठ महिन्यांपूर्वीची घातली. खाली ‘तपासणी’ या शब्दापुढे सही न करता तिने लिहिलं, भिंगरी.